जेम्स मॉरिसन : बाउंटीवरचा बंडखोर

जेम्स मॉरिसन (१७६०–१८०७) हा ब्रिटिश आरमारातला खलाशी. २८ एप्रिल १७८९ रोजी ‘बाउंटी’ जहाजावर झालेल्या बंडात सामील असल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली. राजाने ती माफ केली आणि मॉरिसन पुन्हा त्याच आरमाराच्या नोकरीत रुजू झाला. या बंडाच्या कथा, कादंबऱ्या, चित्रपट निघाले. त्यांतून जहाजाचा प्रमुख विल्यम ब्लाय आणि बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन ही दोन नावे जगभर गेली. मॉरिसन मात्र त्यांच्यामागे झाकला गेला. वास्तविक जहाजावर लोक काय खात होते, कशावरून कुरबुरत होते, बंडानंतर मागे राहिलेल्यांनी ताहितीत दिवस कसे काढले आणि पकडल्यावर त्यांचे काय झाले, हे सगळे आतून पाहून तपशिलाने लिहून ठेवणारा हाच. त्या काळी साध्या खलाशाचा आवाज बहुधा शिक्षेच्या नोंदवहीपुरताच उरत असे. मॉरिसनने शेकडो पाने लिहिली.

तो १७७९ च्या सुमारास, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना आरमारात शिरला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे ते दिवस. चार-पाच वर्षांत त्याने कारकुनी केली, मिडशिपमन म्हणून काम केले, हंगामी तोफप्रमुखाची जबाबदारीही सांभाळली. १७८३ मध्ये तो तोफप्रमुखाची परीक्षा उत्तीर्ण झाला. नेमके त्याच वर्षी युद्ध संपले. जहाजे गोदीत लागली आणि हजारो खलाशी बेकार झाले. परीक्षा पास झालेल्या माणसाने चार वर्षांनी त्याहून खालची जागा का पत्करली असावी, याचा उलगडा या परिस्थितीत होतो. १७८७ मध्ये बाउंटीवर तो चढला तो बोसनचा मदतनीस म्हणून. आपल्याकडच्या जहाजांवर सारंगाच्या हाताखाली तांडेल असे, तशी ही जागा. दोर, शिडे, नांगर यांची निगा राखायची आणि शिटी वाजवून माणसे कामाला लावायची.

बंडानंतर ब्लायने फरारी लोकांची वर्णने लिहिली, त्यांत मॉरिसनचे चित्र स्पष्ट उभे राहते. उंची पाच फूट आठ इंच, सडपातळ बांधा, फिकट पिवळसर वर्ण, लांब काळे केस. उजव्या हाताच्या तर्जनीचे वरचे पेर निकामी झालेले, एका हाताला बंदुकीच्या गोळीची जुनी जखम. डाव्या छातीखाली चांदणी गोंदलेली आणि डाव्या पायाभोवती गार्टरचा पट्टा, त्यात इंग्लंडमधल्या सर्वांत मानाच्या सरदारी पदकाचे ब्रीदवाक्य. सरदारांच्या पायात बांधायचा पट्टा या खलाशाने कातडीवरच कोरून घेतला होता.

बाउंटी हे मुळात ‘बेथिया’ नावाचे व्यापारी जहाज. सरकारने ते १७८७ मध्ये विकत घेतले. वजन २१५ टन, लांबी सुमारे नव्वद फूट, वर माणसे ४६. मोहीम लढाईची नव्हती. ताहिती बेटावरून ब्रेडफ्रूटची रोपे वेस्ट इंडीजमध्ये न्यायची होती. कोकणात आणि गोव्यात ज्याचे काप तळतात तो नीरफणस म्हणजेच हे झाड. कॅरिबियन बेटांवरचे ऊसमळेवाले आपल्या गुलामांसाठी स्वस्त अन्न शोधत होते. अमेरिकेच्या युद्धामुळे तिकडून येणारे धान्य तुटले होते. त्यात वादळे झाली आणि जमैकात हजारो गुलाम उपासमारीने मेले. वर्षाचे बरेच महिने फळ देणारे झाड लावले की गुलामाच्या पोटाचा खर्च वाचेल, असा हा हिशेब होता. मोहिमेमागे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याचे वजन होते. म्हणजे बाउंटीची सगळी गोष्ट सुरू होते ती गुलामगिरीच्या अर्थकारणापासून. साहसकथा लिहिणाऱ्यांनी हा भाग बहुतेक वेळा दोन वाक्यांत उरकला आहे.

रोपांसाठी जहाजाची मागची मोठी केबिन कुंड्यांच्या फळ्यांनी भरून टाकली, त्यामुळे माणसांना जागा आणखी कमी पडली. ब्लाय हा जहाजावरचा एकुलता एक सनदी अधिकारी, आणि त्याचाही हुद्दा लेफ्टनंटचा. जहाजावर शिस्तीसाठी नौसैनिकांची तुकडी असते, तीही येथे नव्हती. शिवाय कोठीचा हिशेब ब्लायकडेच होता. शिधा वाटणारा आणि हुकूम देणारा एकच, त्यामुळे शिध्यात काही कमी आले की संशय थेट कप्तानावर जाई.

२३ डिसेंबर १७८७ ला जहाज स्पिटहेडहून निघाले. मॉरिसनच्या लेखनात या प्रवासातली भांडणे जवळून दिसतात, आणि ती जवळजवळ सगळी खाण्यावरून झालेली आहेत. चीजचे पिंप उघडले तेव्हा दोन चकत्या कमी भरल्या. ब्लायने चोरीचा आळ घेतला. पिंप बनवणारा हिलब्रांट म्हणाला की हे पिंप इंग्लंडमध्येच उघडले होते आणि चीज कप्तानाच्या घरी पोचवले होते. ब्लायने त्याला फटक्यांची धमकी देऊन गप्प केले आणि तूट भरून निघेपर्यंत सगळ्यांचे चीज बंद केले. पुढे भोपळे खराब होऊ लागले, तेव्हा दोन पौंड बिस्किटांच्या बदल्यात एक पौंड भोपळा घेण्याचा हुकूम निघाला. खलाशांनी नकार दिला. ब्लाय वर येऊन त्यांच्यावर ओरडला. पावाच्या जागी निम्मा भोपळा ही आज क्षुल्लक वाटणारी बाब आहे. पण वर्षभर दुसरीकडून काही मिळण्याची शक्यता नसलेल्या माणसासाठी ताटातला अर्धा पौंड हीच त्याची सगळी मिळकत होती. दहा वर्षांनी, १७९७ मध्ये, स्पिटहेडला उभ्या असलेल्या अख्ख्या ताफ्याने बंड केले. सोळा औंसांचा पूर्ण पौंड शिधा मिळावा ही त्यातली एक प्रमुख मागणी होती, कारण तोवर कोठीवाल्याचा पौंड चौदा औंसांचाच असे. शंभराहून अधिक वर्षे पगारही वाढलेला नव्हता. मॉरिसनच्या तक्रारी या मोठ्या साखळीतल्याच आहेत.

ब्लाय क्रूर होता हा चित्रपटांनी पक्का केलेला समज मात्र टिकत नाही. त्या काळच्या मानाने त्याच्या जहाजावर फटके कमी पडले. माणसांच्या प्रकृतीची तो काळजी घेई, त्यांना नाचवायला त्याने जवळजवळ आंधळा असलेला फिडलवादक मायकल बर्न बरोबर घेतला होता. त्याची खरी खोड जिभेची होती. चारचौघांत तो अधिकाऱ्यांना चोर, भेकड अशा शिव्या देई आणि तासाभराने ते विसरून जाई. ऐकणारे विसरत नसत.

फटके मारण्याचे काम बोसनच्या मदतनिसाचे. आरमाराच्या रिवाजाप्रमाणे नऊ दोऱ्यांचा आसूड त्याच्याच हाती असे. मार्च १७८८ मध्ये मॅथ्यू क्विंटल याला उर्मटपणाबद्दल २४ फटके बसले. जानेवारी १७८९ मध्ये ताहितीत चर्चिल, मस्प्रॅट आणि मिलवर्ड पळून गेले. पकडून आणल्यावर त्यांनाही दोन हप्त्यांत फटके मिळाले. यातले मस्प्रॅट आणि मिलवर्ड पुढे मॉरिसनच्याच शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मॉरिसन पीडितही होता आणि शिक्षेचा हातही. त्याचे लेखन वाचताना हे विसरून चालत नाही, कारण या कामाबद्दल तो स्वतः फारसे बोलत नाही.

केप हॉर्नला महिनाभर वादळांशी झुंजून ब्लायने जहाज वळवले आणि आफ्रिकेच्या बाजूने २६ ऑक्टोबर १७८८ ला ताहितीच्या मातावाई उपसागरात नांगर टाकला. रोपे तयार होईपर्यंत पाच महिने मुक्काम पडला. खलाशांची बेटावर घरोब्याची नाती जुळली. एप्रिल १७८९ च्या सुरुवातीला हजारावर रोपे घेऊन जहाज निघाले. २७ एप्रिलला डेकवरच्या ढिगातले नारळ कमी झाल्यावरून ब्लायने ख्रिश्चनला सगळ्यांसमोर चोर ठरवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोंगा बेटांतल्या तोफुआजवळ ख्रिश्चनने त्याला झोपेतून उठवून हात बांधले.

मॉरिसन त्या वेळी झोपलेला होता. बोसन विल्यम कोल याने त्याला उठवून जहाज बंडखोरांच्या ताब्यात गेल्याचे सांगितले. पुढच्या दोन-तीन तासांत त्याने काय केले यावर त्याचा जीव अवलंबून राहिला. ब्लायला सोडण्यासाठी आधी काढलेली होडी किड्यांनी पोखरलेली निघाली, तेव्हा २३ फुटांची मोठी होडी पाण्यात सोडण्यात आली. मॉरिसनने ती रिकामी करायला, सोडायला मदत केली. होडीतल्या लोकांना उपयोगी पडणारे सामान मिळवून देण्यातही त्याचा हात होता. जहाजाचा मास्टर जॉन फ्रायर याने संधी मिळाली तर जहाज परत घेऊ असे त्याला सुचवले, त्यावर वेळ निघून गेल्याचे त्याने उत्तर दिले. ब्लायसह १९ माणसे होडीत उतरली. होडीच्या कडा पाण्यापासून वीतभरच वर राहिल्या. जहाजावर २५ जण उरले आणि त्यांत मॉरिसन होता. ४७ दिवसांचा प्रवास करून ब्लाय तिमोर बेटावरच्या कुपांगला पोचला. एक माणूस तोफुआवरच मारला गेला होता, बाकी सगळ्यांना त्याने जिवंत नेले. दर्यावर्दी म्हणून त्याची ही कामगिरी कोणालाच नाकारता आलेली नाही.

जहाजावर राहिलेल्यांपैकी सगळे ख्रिश्चनच्या बाजूचे नव्हते. होडीत जागा नव्हती म्हणून काहींना अडवून ठेवले होते. कोलमन, नॉर्मन, मॅकिंटॉश आणि बर्न या चौघांची नावे ब्लायने तशी लिहूनही ठेवली. मॉरिसनचे नाव त्या यादीत आले नाही.

ख्रिश्चनने आधी तुबुआई बेटावर वसाहत करायचे ठरवले. तेथे फोर्ट जॉर्ज नावाचा किल्ला बांधायला घेतला. बेटवाल्यांना हे परके नको होते. पहिल्याच चकमकीत बंदुकांपुढे डझनभर माणसे पडली, आणि शेवटच्या लढाईत ६६ बेटवासी मेल्याचे मॉरिसननेच नोंदवले आहे. दगड आणि भाले घेऊन स्वतःच्या बेटासाठी लढलेली ही माणसे बाउंटीच्या प्रसिद्ध कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. बंडखोरांची स्वातंत्र्याची ओढ सांगताना तुबुआईच्या किनाऱ्यावरचे हे मुडदे मोजलेच पाहिजेत. अखेर मतदान झाले. सप्टेंबर १७८९ मध्ये १६ जण ताहितीत उतरले. ख्रिश्चन आणि त्याचे आठ सोबती काही पॉलिनेशियन स्त्रीपुरुषांना घेऊन निघून गेले ते पिटकेर्न बेटावर. १८०८ मध्ये एका अमेरिकन जहाजाला ते बेट सापडले तेव्हा त्यांच्यातला एकच बंडखोर जिवंत होता.

मॉरिसन ताहितीत उतरलेल्या सोळांपैकी एक. मातावाईतला प्रमुख पोइनो याच्या आश्रयाने तो राहिला आणि नोव्हेंबर १७८९ मध्ये त्याने आयुष्यातले सर्वांत अवघड काम हाती घेतले: तीस फुटांचे स्कूनर जहाज बांधायचे. मनात बेत होता जावा बेटावरच्या बटाव्हिया या डच बंदरापर्यंत जाऊन तेथून इंग्लंड गाठण्याचा. पण ही गोष्ट त्याने बहुतेकांपासून लपवली. बेटाभोवती हिंडायला नाव हवी, एवढेच तो सांगे.

सुतारकामात मॅकिंटॉश आणि नॉर्मन तरबेज होते, लोहारकामाला कोलमन होता, पाण्याची पिंपे हिलब्रांट करी. मॉरिसन स्वतः जहाजबांधणीतला नव्हता, पण आखणी आणि देखरेख त्याची. फळ्या मिळवणे हे सर्वांत कष्टाचे काम, कारण कारखान्यासारखी मोठी करवत नव्हती. ओंडके फोडायचे आणि कुऱ्हाडीने, वाशीने तासत तासत फळीच्या जाडीवर आणायचे. वाकलेल्या फांद्या हेरून त्यांतून जहाजाच्या फासळ्या काढायच्या. फटी बुजवायला डांबर नव्हते, म्हणून ब्रेडफ्रूटच्या झाडांना खाचा पाडून चीक गोळा केला आणि तो डुकराच्या चरबीत मिसळून वापरला. ज्या झाडासाठी सगळी मोहीम निघाली होती, त्याच झाडाने शेवटी एका जहाजाच्या फटी बुजवल्या. दोर झाडाच्या सालीचे वळले. समुद्राचे पाणी आटवून मीठ केले आणि डुकराचे मांस खारवून भरले. रविवारी काम बंद. निशाण उभारून मॉरिसन प्रार्थना वाचे आणि ताहितीचे लोक भोवती शांत बसून पाहत.

१७९० मध्ये जहाज पाण्यात उतरले. नाव ठेवले ‘रेझोल्यूशन’. कॅप्टन कुकच्या जहाजाचे हे नाव, आणि त्याच जहाजावर ब्लायने तरुणपणी मास्टर म्हणून काम केले होते. जहाज उत्तम चालले. अडले ते शिडांपाशी. पुरेसे कापड मिळेना आणि विणलेल्या चटयांची शिडे भर समुद्रातल्या वाऱ्याला टिकणार नव्हती. इंग्लंड गाठण्याचा बेत तेथेच थांबला.

ताहितीतले हे दीड वर्ष निरुपद्रवी नव्हते. चर्चिल आणि थॉम्पसन यांच्यात भांडण होऊन थॉम्पसनने चर्चिलला गोळी घातली, आणि बेटवाल्यांनी थॉम्पसनला ठार केले. बंदुका जवळ असल्यामुळे उरलेल्या गोऱ्यांना बेटावरच्या सत्तेच्या झगड्यात मोल आले. १७९० मध्ये त्यांनी पोमारे घराण्याच्या बाजूने लढून विरोधी प्रमुखांचा पाडाव केला. पुढे हे घराणे सगळ्या ताहितीवर राज्य करू लागले, त्यामागे या मूठभर खलाशांच्या बंदुकांचा वाटा होता. मॉरिसन या लढायांत होता आणि त्यांचे वर्णनही त्याने केले आहे.

२३ मार्च १७९१ ला ‘पांडोरा’ ही युद्धनौका मातावाईत आली. कॅप्टन एडवर्ड एडवर्ड्सला बंडखोरांना पकडून आणण्याचा हुकूम होता. कोलमन आणि बाउंटीवरचे तरुण मिडशिपमन पीटर हेवूड व स्ट्युअर्ट आपण होऊन जहाजावर गेले. मॉरिसन थोड्या दिवसांनी स्वाधीन झाला. कोण दोषी, कोण निर्दोष हे पाहणे आपले काम नाही असे एडवर्ड्सने ठरवले आणि सगळ्या चौदाजणांना बेड्या घातल्या. त्यांच्यासाठी मागच्या डेकवर एक लाकडी कोठडी बांधण्यात आली. अकरा फूट लांब, अठरा फूट रुंद, वरून आत यायला जेमतेम माणूस जाईल एवढी झडप. हातपाय जखडलेले, हवा जवळजवळ नाही. मॉरिसन लिहितो त्यावरून घामाचे ओघळ डेकवरून वाहत जात आणि थोड्याच दिवसांत आत किडे झाले. खलाशांनी तिला ‘पांडोराची पेटी’ हे नाव दिले. बाहेर होड्यांतून आलेल्या कैद्यांच्या ताहितीतल्या बायका मुलांना दाखवून रडत होत्या. मॉरिसनची स्कूनर एडवर्ड्सने जप्त करून जहाजाच्या मदतीला घेतली. समोआजवळ ती चुकामूक होऊन एकटी पडली, तरी उपाशी माणसांना घेऊन डच जावापर्यंत पोचली. मॉरिसनच्या बेताप्रमाणे ती खरेच तेवढी दूर जाऊ शकली असती, हे असे सिद्ध झाले.

२८ ऑगस्ट १७९१ च्या रात्री पांडोरा ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ बांधावर आपटली. पाणी उपसायला तिघा कैद्यांना सोडले होते. बाकीचे पेटीतच बांधलेले. पहाटे जहाज कलंडू लागले. लोहाराचा मदतनीस आत उतरून बेड्या काढू लागला तेव्हा वरून झडप पुन्हा बंद झाली. शेवटच्या क्षणी पांडोरावरच्या बोसनचा मदतनीस विल्यम मोल्टर याने, तुम्हाला सोडवीन नाहीतर तुमच्याबरोबर तळाला जाईन, असे ओरडून झडपेचा खिळा ओढून काढला. मॉरिसन पाण्यात पडला आणि वाचला. स्ट्युअर्ट, समनर, स्किनर आणि हिलब्रांट हे चार कैदी आणि जहाजावरचे ३१ जण बुडाले. हिलब्रांट बेड्यांसह गेला. जवळच्या वाळूच्या ढिगावर सगळे जमले. तेथे शिडाचे छत खलाशांना मिळाले, कैद्यांना नाही. उघडे पडलेले अंग कोठडीतल्या महिन्यांनी इतके नाजूक झाले होते की ऊन सोसेना, म्हणून त्यांनी स्वतःला मानेपर्यंत वाळूत पुरून घेतले.

चार होड्यांतून ते कुपांगला गेले. तेथे सिडनीच्या कैदी वसाहतीतून होडी पळवून आलेली मेरी ब्रायंट आणि तिची टोळी आधीच अटकेत होती. समुद्राच्या दोन अजब कथा त्या एका डच बंदरात एकत्र आल्या. बटाव्हिया आणि केप ऑफ गुड होप मार्गे ‘गॉर्गन’ जहाजाने जून १७९२ मध्ये दहा कैदी इंग्लंडला पोचले.

पोर्ट्स्मथ बंदरात ‘ड्यूक’ जहाजावर १२ ते १८ सप्टेंबर १७९२ या काळात लॉर्ड हूड यांच्या अध्यक्षतेखाली लष्करी न्यायालय बसले. ब्लाय दुसऱ्या ब्रेडफ्रूट मोहिमेवर गेला होता, तो हजर नव्हता. आरमाराचा कायदा निःसंदिग्ध होता: बंडाला शिक्षा मृत्यूची, आणि बंडाच्या वेळी जो स्वस्थ उभा राहतो तोही हात उचलणाऱ्याइतकाच दोषी. या नियमापुढे मॉरिसनचा बचाव मुळातच कठीण होता. त्याने शस्त्र घेतले नाही एवढे दाखवून भागणार नव्हते. त्याने जहाज परत मिळवायचा प्रयत्न का केला नाही, याचे उत्तर द्यायचे होते.

श्रीमंत नातेवाईक असलेल्या हेवूडने वकील केला होता. मॉरिसनने आपली बाजू स्वतःच मांडली. मिडशिपमन हेवर्डने साक्ष दिली की त्याचा चेहरा आनंदी दिसत होता. दुसरा मिडशिपमन हॅलेट म्हणाला की तो हत्यार घेऊन जहाजाच्या मागच्या कठड्याशी उभा होता आणि घरच्यांनी विचारले तर मी दक्षिण समुद्रात कुठेतरी आहे असे सांगा, असे त्याने चिडवत म्हटले. कोल आणि इतरांनी मात्र त्याला होडीवर मदत करतानाच पाहिले होते. मॉरिसनने साक्षीदारांना एकेक करून उलट प्रश्न विचारले. त्या गोंधळात एवढ्या बारकाईने चेहरे वाचण्याइतके भान कोणाला होते, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. कायद्याचे शिक्षण नसलेल्या खलाशाने केलेला हा बचाव कामकाजाच्या नोंदीत वाचताना आजही भक्कम वाटतो.

ब्लायने नावे दिलेले चौघे सुटले. हेवूड, मॉरिसन, एलिसन, बर्किट, मिलवर्ड आणि मस्प्रॅट या सहांना फाशी सुनावण्यात आली. त्यांपैकी हेवूड आणि मॉरिसन यांच्यासाठी न्यायालयानेच राजाकडे दयेची शिफारस केली. ऑक्टोबरच्या अखेरीस तिसऱ्या जॉर्जची माफी आली. मस्प्रॅट साक्षीदारांच्या तांत्रिक मुद्द्यावर सुटला. एलिसन, बर्किट आणि मिलवर्ड यांना २९ ऑक्टोबर १७९२ रोजी ‘ब्रन्सविक’ जहाजावर फाशी दिले. एलिसन बाउंटीवर चढला तेव्हा पोरसवदा होता. या तिघांपैकी कोणाच्याही मागे घराणे, पैसा किंवा लेखणी नव्हती. हेवूडच्या मागे घराणे होते. मॉरिसनची शिफारस झाली ती त्याच्याविरुद्धच्या साक्षींतल्या विसंगतींमुळे आणि त्याने स्वतः केलेल्या मांडणीमुळे, असे म्हणायला जागा आहे.

त्याच काळात पोर्ट्स्मथमधले पाद्री विल्यम हॉवेल यांच्या ओळखीतून त्याने लेखन केले. एक छोटे टिपण ब्लायच्या वागण्याविषयी, आणि एक मोठी दैनंदिनी. दैनंदिनी म्हटले तरी ती रोजच्या रोज लिहिलेली नाही. पांडोरा बुडाल्यावर त्याच्याजवळ कागद उरले असणे अशक्यच, त्यामुळे तारखा आणि घटना त्याने मुख्यतः आठवणीतून उभ्या केल्या. त्यात चुका आहेत, स्वतःला निर्दोष ठरवण्याचा हेतूही आहे. फाशीच्या छायेत लिहिणारा माणूस दुसरे काय करील? तरी दैनंदिनीचा दुसरा भाग, ताहितीच्या समाजाविषयीचा, या हेतूपासून बराच मोकळा आहे. शेती, मासेमारी, घरे, गोंदणे, मुलांचे संगोपन, देवस्थाने, आरिओई नावाचा नर्तक-कलावंतांचा संप्रदाय, मर्तिकाचे विधी, भाषा यांची माहिती त्यात आहे. धर्मप्रसारक पोचण्याच्या आधी, बेटावर राहून, तेथली भाषा बोलणाऱ्या माणसाने ती लिहिलेली आहे. रोगराई, दारू आणि बंदुका यांमुळे पुढच्या काही दशकांत ताहितीचे जुने जीवन मोडून पडले, म्हणून ही पाने मानववंशशास्त्रज्ञांना अनमोल वाटतात.

हॉवेलकडून या लेखनाची खबर आणि मजकूर बँक्सपर्यंत गेला. ब्लाय परतल्यावर त्याने त्यातले आरोप खोडण्यासाठी स्वतःची टिपणे लिहिली. ब्लायची दुसरी मोहीम यशस्वी झाली होती आणि १७९३ मध्ये झाडे वेस्ट इंडीजला पोचली होती. पण १७९४ पासून, ख्रिश्चनच्या भावाने दुसरी बाजू छापल्यावर, त्याच्या नावाला डाग लागू लागला.

मॉरिसन मात्र समुद्रावर परतला. दहा वर्षांपूर्वी ज्या जागेची परीक्षा तो पास झाला होता, तीच तोफप्रमुखाची जागा त्याला आता मिळाली आणि फ्रान्सशी झालेल्या युद्धाच्या काळात त्याने वेगवेगळ्या जहाजांवर काम केले. बंडाचा कलंक लागलेल्या माणसाला तोफा आणि दारूगोळा सोपवला गेला, यावरून आरमाराला अनुभवी माणसांची किती निकड होती हे दिसते. हेवूडही पुढे कॅप्टन झाला आणि हिंदी महासागरातल्या किनाऱ्यांचे नकाशे त्याने तयार केले.

मॉरिसनची शेवटची नेमणूक ‘ब्लेनहाइम’वर होती. हे जहाज १७६१ मध्ये पाण्यात उतरलेले, म्हणजे जवळजवळ त्याच्याच वयाचे. ॲडमिरल थॉमस ट्रूब्रिज यांचे ते निशाणाचे जहाज. मलाक्काच्या सामुद्रधुनीत ते तळाला घासले होते आणि त्याचा कणा खचला होता. मद्रासला असताना कप्तान ऑस्टिन बिसेलने जहाज धोकादायक असल्याचे सांगितले. ट्रूब्रिजने ऐकले नाही. १२ जानेवारी १८०७ ला ‘जावा’ आणि ‘हॅरियर’ या जहाजांसह ब्लेनहाइम मद्रासहून केपकडे निघाले. १ फेब्रुवारीला मादागास्करच्या पूर्वेला वादळात हॅरियर वेगळे पडले. ते तेवढे केपला पोचले. बाकी दोन्ही जहाजांचा शोध ट्रूब्रिजच्या मुलाने घेतला, पण काही सापडले नाही. त्यावरच्या शेकडो माणसांबरोबर मॉरिसनही गेला.

त्याची दैनंदिनी हेवूडच्या कुटुंबाकडे राहिली. हेवूडची सावत्र मुलगी लेडी डायना बेल्चर हिने १८७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तिचा मोठा वापर केला. संपूर्ण मजकूर छापून आला तो १९३५ मध्ये, ओवेन रटर यांच्या संपादनाखाली. मूळ हस्तलिखित सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहे.